दारातलं नाव

शालिनीबाईंना नुसतं नाव सांगून सुटलेला माणूस मी पाहिलेला नाही. रिक्षावाला असो, डोळ्यांचा डॉक्टर असो, नाहीतर सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढलेला दमलेला माणूस असो, त्यानं नाव सांगितलं की त्या हात वर करून त्याला थांबवायच्या आणि म्हणायच्या, "हे दाखल्यावरचं झालं. दारातलं सांगा."

दारातलं म्हणजे दिवेलागणीला आई दारात उभी राहून खेळणाऱ्या पोराला ज्या नावानं हाक मारते, ते. ते नुसतं उच्चारून भागत नसे. हाक मारून दाखवावी लागे, घरी मारतात तशी, शेवट लांबवून. समोरचा लाजत, इकडेतिकडे बघत हाक मारायचा. त्या वेळी शालिनीबाई डोळे मिटून घ्यायच्या आणि त्यांची मान जराशी डावीकडे कलायची. हाक विरली की डोळे उघडून म्हणायच्या, "बरं. पुढे."

'पुढे' हा त्यांचा शब्द मी इतक्या वेळा ऐकला, की आता दुसऱ्या कोणी म्हटलेला मला चोरीचा वाटतो.

घाटकोपरच्या टेकडीच्या उतारावर जी वस्ती आहे, तिथल्या अंगणवाड्यांच्या त्या मुख्यसेविका होत्या. पावसाळ्यात दरड कोसळण्याचा इशारा आला की उतारावरची घरं रिकामी करून माणसांना खालच्या शाळेत आणून ठेवतात. त्या गडबडीत कुठलंही मूल मागे राहू नये, हरवू नये, भलत्याच्या हाती जाऊ नये, हे बघणं शालिनीबाईंचं काम. मी त्यांना भेटलो तेव्हा त्या निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. निवृत्तीचं पत्र आपल्याला मिळालं, टेकडीला मिळालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी तेव्हा स्टेशनजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. पुस्तकांची सगळी सूची संगणकावर गेली होती आणि कार्डांचं जुनं लाकडी कपाट भंगारवाल्याची वाट बघत दारात उभं होतं. ते मी तीस वर्षं सांभाळलं होतं. त्याच्याजवळून जाताना मी दुसरीकडे बघत असे. शालिनीबाई आत आल्या, छत्री मिटली, एक कप्पा ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "अहो ग्रंथपाल, ह्यातली कोरी कार्डं टाकणार का?"

मी म्हटलं, टाकणार आहोत.

"नाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"हे दाखल्यावरचं झालं."

मला घरचं नाव नाही, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "नसतं असं नाही," त्या म्हणाल्या, "सांगायचं नसतं." ते खरं होतं. मला त्या नावानं हाक मारणारी माणसं एकूण दोन. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि बायको जाऊन दोन.

कपाट टेकडीच्या पायथ्याच्या शाळेत गेलं आणि त्याच्यामागून मीही गेलो. प्रत्येक मुलाचं एक कार्ड. दाखल्यावरचं नाव, दारातलं नाव, कोणाकडे जाईल, कशाला घाबरतं, कशावाचून झोपत नाही. शालिनीबाई पायऱ्या चढून घरोघरी विचारायच्या आणि मी रविवारी कार्डं लावायचो. एका कार्डावर 'कशाला घाबरतो' पुढे लिहिलं होतं: पंख्याला, बँडवाल्यांना आणि बापाला (हे आईनं हळू सांगितलं). दुसऱ्यावर 'कशावाचून झोपत नाही' पुढे: आजीच्या कानाची पाळी.

मी कार्डं दाखल्यावरच्या नावानं, अकारविल्हे लावली. माझ्या आयुष्यभराच्या विद्येप्रमाणे ते बिनचूक होतं. शालिनीबाईंनी एका रविवारी सगळा कप्पा टेबलावर पालथा केला. तीन वर्षांचं पोर भेदरलेलं असताना तुम्हांला दाखल्यावरचं नाव सांगणार आहे का, असं विचारलं. मग मी दारातल्या नावांनी लावली, आणि 'ब' चा कप्पा मिटेना. बाबू, बाळा, बंटी, बबली, बाब्या, पुन्हा बाबू. शेवटी बाबू (पिंपळाखालचा), बाबू (नळाजवळचा), बाबू (चावरा) अशी पोटवर्गवारी करावी लागली. इतकं समाधान मला पुस्तकांनी क्वचित दिलं असेल.

दर मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची बैठक व्हायची. एका वर्षी नवे साहेब आले होते. पडद्यावर नकाशा, त्यावर लाल-पिवळे ठिपके. मुलांची यादी तयार आहे, शाळेत माइकवरून नावं पुकारली जातील, असं त्यांनी सांगितलं. शालिनीबाई उभ्या राहिल्या. "साहेब, तुम्ही माइकवरून आराध्या म्हणालात तर एक तर कोणीच उठणार नाही, नाहीतर सात जणी उठतील. तुमचं दारातलं नाव काय?"

साहेबांना आधी प्रश्न कळला नाही. कळल्यावर त्यांनी तो टाळून पाहिला. शालिनीबाई खाली बसेनात. अखेर साहेब पुटपुटले, "पिंट्या."

"असं नाही. आईंची हाक."

सगळी खोली वाट बघत होती. साहेबांनी चष्मा काढला, आणि का कोण जाणे, खरंच मारली. "पिंट्याऽऽ!" हाक बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेली. दार उघडून साठीला आलेला शिपाई आत डोकावला. "मला कोणी बोलावलं?"

शालिनीबाईंनी डोळे उघडले. "बघा. नोकरीला अडतीस वर्षं झाली तरी उठला ना? पुढे." त्या वर्षीपासून शासकीय यादीत एक रकाना वाढला.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, ते एका जुलैपर्यंत. रात्रभर पाऊस पडला, पहाटे उतार रिकामा केला आणि सकाळी शाळेच्या वर्गांत पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई तापानं फणफणलेलं तान्हं घेऊन दवाखान्यात गेली होती. तिची तीन वर्षांची मोठी मुलगी शालिनीबाईंच्या पदराला धरून होती. दहाच्या सुमाराला एक माणूस आला. नीटनेटका, हातात बिस्किटांचा पुडा.

"मामा आहे मी हिचा. चल स्वरा, आईनं बोलावलंय."

नाव बरोबर होतं. दारावर लावलेल्या यादीतही तेच होतं. मुलगी बिस्किटांकडे बघत होती. मी तर तिला पुढे करायला वाकलोच होतो.

"मामा आहात, बरंच झालं," शालिनीबाई म्हणाल्या. "दारातली हाक मारा."

"स्वरा."

"हे दाखल्यावरचं झालं."

"टाइम नाय मावशी, खाली रिक्षा उभी आहे."

"राहू दे उभी. मीपण उभीच आहे."

तो हसला. मग चिडला. असल्या खुळचट गोष्टींपायी पोरीला अडवून ठेवताय, तुमची तक्रार करतो, असं म्हणाला. शालिनीबाई दारातून हलल्या नाहीत. त्यांची उंची पाच फुटांच्या आतली. त्यांनी छत्री आडवी धरली होती. शेवटी, तिच्या आईला घेऊनच येतो, असं सांगून तो गेला. तो परत आला नाही. आई आली दुपारी, एकटीच. तिनं दारातूनच हाक मारली, "टिकलेऽऽ," आणि पदर सोडून मुलगी धावली.

त्या बाईला भाऊ नव्हता.

संध्याकाळी वर्ग जरा शांत झाल्यावर आम्ही व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकून बसलो. शालिनीबाई अर्धाच चहा प्यायच्या, उरलेला बशीत ठेवायच्या. त्या दिवशी कपाला हातच लावला नव्हता. मी म्हटलं, कार्डावर लिहून घेतलेलं कळतं मला. पण हाक मारून का दाखवायला लावता?

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग मला दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. कोकणातल्या कुठल्याशा पुरानंतर त्या मदत-छावणीत सापडल्या होत्या, अंदाजे तीन वर्षांच्या. तिथल्या कारकुनानं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, हे काही नाव नव्हे, खरं नाव सांग. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. असं तीनदा झालं. मागे रांग वाढत होती. त्यानं आपल्या मनानं 'शालिनी' लिहिलं आणि त्या एका मुलींच्या वसतिगृहात गेल्या. वसतिगृहाच्या बाईंनी पुढे मोठेपणी त्यांना हे सांगितलं. नाव काय होतं, ते त्या बाईंनाही आठवत नव्हतं.

"मला शोधत कोणी आलं असेल, तर त्याच नावानं शोधलं असेल ना?" शालिनीबाई म्हणाल्या. "वहीत नव्हतं."

मी कप परत त्यांच्याकडे सरकवला.

"मला आता ते आठवत नाही. पण ग्रंथपाल, डोकं विसरलं तरी मान विसरत नसेल. त्या शिपायाची वळली ना? कधीतरी कोणीतरी एखादी हाक मारील, आणि माझी वळेल." मग त्यांनी गार झालेला कप उचलला. "अजून वळली नाही. पुढे."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्या आजारी पडल्या. रुग्णालयात दाखल करताना माझी सही घेतली. रुग्णाशी नातं काय, असं खिडकीतल्या मुलीनं विचारलं. मी 'ग्रंथपाल' असं लिहिलं. तिनं ते वाचलं आणि शिक्का मारला.

भेटीची वेळ चार ते सहा. मी रोज एक कप्पा पिशवीतून न्यायचो आणि दारातली नावं वाचायचो. वॉर्डात मोठ्यानं हाक मारता येत नाही. शेवट लांबवून, हळू आवाजात, मला जमेल तशी. त्या डोळे मिटून पडलेल्या. मान उशीवर डावीकडे कललेली. प्रत्येक नावानंतर मी थोडा थांबायचो. "पुढे," त्या म्हणायच्या. छबी. पुढे. गोदी. पुढे. मनी, बयो, चंपी. पुढे. मी इतक्या आशेनं कधी काही वाचलेलं नाही. शेवटी शेवटी 'पुढे' ऐकू येत नसे, ओठ हलायचे.

एका दुपारी शेवटचा कप्पा संपला. ओठ पुन्हा हलले. पिशवीत काही उरलं नव्हतं. मग मी माझं नाव सांगितलं. आई आमच्या दारातून मारायची आणि नंतर बायको स्वयंपाकघरातून मारायची, तसं. "चिमण."

त्यांनी डोळे उघडले. माझी पावणेसहा फूट उंची पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतली.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "लपवण्यासारखं नाही." आणि थोड्या वेळानं, "लिहिलं का?"

मी त्यांच्यासमोर लिहिलं. ते कार्ड 'च' मध्ये आहे. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

ह्या जूनमध्ये शाळेच्या व्हरांड्यात नव्या मुलांची कार्डं करायला मी एकटाच बसतो. अंगणवाडीची सेविका सवयीनं दोन खुर्च्या मांडते, आणि मी तिला एक उचल म्हणत नाही. आया येतात. मी म्हणतो, दाखल्यावरचं झालं, आता दारातलं सांगा. त्या हसतात, मग पोराकडे न बघता पायऱ्यांच्या दिशेला तोंड करून हाक मारतात. काल एकीनं मारली, "भिंगरेऽऽ." नाव आमच्या कार्डांत नव्हतं, अगदी नवं.

मी लिहून घेतो. पण पेन टेकवण्याआधी, हाक अजून हवेत असते तेवढ्यात, माझी नजर शेजारच्या खुर्चीकडे जाते. मान वळली का, ते बघायला.