कावीळ उतरल्याचा पुरावा

मजीदला आपल्या डोक्याचा फार अभिमान. जहाजावरचा खलाशी, चार बंदरांचं पाणी प्यायलेला; रत्नागिरीच्या डॉक्टरला गुंडाळणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ!

कावीळ होऊन महिना उलटला होता. डॉक्टर रोज सकाळी त्याच्या लघवीची बाटली हलवून बघत. फेस पिवळा, तर घरी बस; पांढरा, तर बरा झाल्याचा दाखला. आज संध्याकाळची मुंबईची बोट चुकली तर जहाजावरची जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि दाखल्याशिवाय तिथं कोणी उभं करणार नव्हतं. धास्तीने मजीदचा स्वतःच्या बाटलीवर भरवसाच राहिला नाही. त्याने धाकट्या भावाची, कमालची बाटली नेली. कमाल म्हणजे घोड्यासारखा धडधाकट.

डॉक्टरांनी बाटली हलवली. फेस हळदीसारखा पिवळा.

"वाढलीय रे," ते म्हणाले.

मजीदला सगळं कबूल करावं लागलं. डॉक्टर भडकलेच, पण त्यांनी आधी कमालला बोलावून त्याचे डोळे पाहिले. तेही पिवळट! मजीदला वेगळं वाढा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण भावांनी एकाच थाळ्यात जेवायची त्या घरची रीत. भाईला एकटं जेवताना बघवेना, म्हणून कमाल महिनाभर त्याच्याच थाळ्यात हात घालत होता. हे ऐकून मजीदला रडूच फुटलं.

"आणि माजी, डॉक्टरसाहेब? माजी बगा ना."

"बघतो. पण घरची बाटली नको. इथंच, माझ्यासमोर."

समोर म्हटल्यावर थेंब येईना! मजीद उभ्या उभ्या घामाघूम. बायको हफीजा ट्रंक घेऊन पायरीवर बसली होती. तिने पाण्याची कळशी आत दिली. मजीद तांब्यावर तांब्या ढोसत राहिला. ऊन कललं, बोट येऊन उभी राहिली, भोंगा वाजला आणि दचकून त्याचं काम एकदाचं झालं.

फेस पांढराशुभ्र! मजीदने दाखल्यासाठी हात पुढे केला. एक पाय उंबऱ्याबाहेरच होता.

डॉक्टरांनी रिकाम्या कळशीकडे पाहिलं.

"मजीद, अख्खी विहीर पोटात गेल्यावर कोणाचाही फेस पांढराच येणार. उद्या उठल्या उठल्या इथं ये, पाणी न पिता."

बोट सुटल्याचा भोंगा वाजला, आणि मजीदला पुन्हा लागली.