दामूबुवा आणि वेणीचं गाणं

जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आमच्या वैशाखरे गावचे दामूबुवा एका गायकाचं नाव घेत नाहीत. ‘तो’, ‘तुमचा तो’, आणि फारच राग आला तर ‘तो मुंबईवाला’. मीही इथं ते नाव लिहीत नाही, कारण बुवा माझे शेजारी आहेत आणि चष्मा लावून सगळं वाचतात.

त्या गायकाचा गुन्हा एकच. त्यानं शेवंतीच्या वेणीचं ते गाणं म्हटलं. त्याच्याआधी दोघातिघांनी गायलं होतं म्हणे, पण गाजलं ते ह्याच्या गळ्यातून. आजही मुरबाडपासून माळशेजपर्यंत कुठल्याही हळदीला जा, बँजोवर ते वाजतंच. वाजायला लागलं की बुवा ताट घेऊन मांडवाबाहेर उभे राहतात आणि संपलं की आत येतात. एकदा पोरांनी ते लागोपाठ तीनदा वाजवायला लावलं, तर बुवा उपाशीच घरी गेले.

या वैराचं मूळ म्हणजे अनसूयाकाकी, बुवांच्या मंडळी. भांडी घासताना, तांदूळ निवडताना त्या तेच गाणं गुणगुणतात. बुवा आमच्या भजनी मंडळाचे बुवा, उभा जन्म पेटीवर गेला. पण काकींच्या ओठांवर त्यांचा अभंग कधी कुणी ऐकला नाही.

“आवाज गोड आहे हो त्याचा,” मी एकदा मुद्दाम काडी घातली.

“आवाज हाय रे, पन आतून नाय,” बुवा म्हणाले. “आमी पन गातो. कोनी सांगाया पायजे ना, गा म्हनून.” हे बोलताना त्यांची नजर मोरीकडे होती. मोरीत काकी भांडी घासत होत्या, अर्थातच गुणगुणत.

आमच्याकडे भजनात अभंगाला गाजलेल्या गाण्याची चाल लावतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गेल्या आषाढीला मंडळातल्या बाळारामनं गजर धरला आणि चाल लावली नेमकी वेणीच्या गाण्याची. बायकांच्या बाजूला काकींनी जन्मात पहिल्यांदा एवढ्या जोरात टाळी धरली. बुवांनी पेटीचा भाता बंद केला.

“देवाला काय त्याचं उष्टं द्यायचं?” म्हणाले आणि पेटी डोक्यावर घेऊन घरी. त्या दिवसापासून पेटी फळीवर गेली. काकींनीही कधी “काढा” म्हटलं नाही.

मी गावभर हे रंगवून सांगायचो. पण खरं सांगतो, मला बुवांचा हेवाच वाटायचा. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, माझी बायको काय गुणगुणते ते मला आजही सांगता येणार नाही.

मग मार्गशीर्षात एका सकाळी टीव्हीवर बातमी आली. तो गायक गेला. बुवा आता पेढे वाटतात की काय, म्हणून मी त्यांच्या पडवीत गेलो. काकी टीव्हीसमोर गुडघ्यांना मिठी मारून बसल्या होत्या. सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता. टीव्हीवर तेच गाणं लागलं, दोन कडवी झाली आणि जाहिरात आली.

“तिसरं कदीच लावत नाय मेले,” काकी डोळे पुसत म्हणाल्या.

बुवा खांबाला टेकून उभे होते. ते खाकरले आणि चक्क तिसरं कडवं म्हणायला लागले. वेणी माळणारीचे केस पिकतात, तरी वेणी आणणारा तिला पोरगीच समजतो, असं काहीतरी त्यात आहे. आवाज चिरकत होता, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खाचरात एकट्यानं किती वर्षं घोटलं असेल, त्यांनाच ठाऊक.

काकी बघतच राहिल्या. “अवो, तुमाला येत व्हतं?”

“कवापासनं.”

“मंग कदी म्हनला नाय ते?”

“तू बोललीच नाय कदी.”

काकींनी पदरानं नाक पुसलं. “आता बोलते. पयल्यापासनं म्हना.”

बुवांनी फळीवरून पेटी काढली, धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली आणि मांडी घालून बसले. भजनाआधी संतांचं नाव घेतात, तसं त्यांनी डोळे मिटून त्या गायकाचं नाव घेतलं. अगदी आडनावासकट, आणि पुढं ‘बुवा’ लावून.