बिनचिठ्ठीच्या तिसऱ्या

आमचे शेजारी मुनीरभाई पहिला घास घेतला की ताट सरकवतात आन ओठावर बोट ठेवून बसतात. ओठांना मुंग्या आल्या नाहीत तरच दुसरा घास. लग्नाच्या पंगतीतसुद्धा! वाढपी दोनदा येऊन जातो, ह्यांचं बोट ओठावरच.

माणूस इथला संभाजीनगरचाच, पण नोकरी झाली कोकणात, तिसऱ्या-कालवं असले खायचे शिंपले तपासायच्या प्रयोगशाळेत. समुद्रातलं जहर कधीकधी शिंपल्यांत उतरतं म्हणे. त्याला वास नाय, चव नाय. खाणाऱ्याच्या ओठांना आधी मुंग्या येतात, मग जिवावर बेततं. म्हणून नमुन्यावर चिठ्ठी लावायची: खाडी कोणती, काढणारा कोण. निकाल येईस्तोवर कुणी तोंड लावायचं नाय.

नोकरी सुटली, चिठ्ठ्या सुटल्या नाहीत. आमच्या घरून लोणचं गेलं तरी विचारणार, "काढणारा कोण?"

मी दुसरी शिकलेला. पण मेंढरांमागं रानोमाळ फिरलो, मिळंल ते खाल्लं, पचवलं. मला कुणी खायचं शिकवावं?

मागल्या महिन्यात पोरगा कोकणातून बर्फात घालून तिसऱ्या घेऊन आला. सुनेनं मसाला वाटला. वासावर मुनीरभाई हजर.

"कौनसी खाडी?"

"रस्त्यावर घेतल्या, चाचा," पोरगा म्हणाला.

"बिनचिठ्ठीच्या? बंद!"

"चांगल्या रटरट उकळू की," मी म्हणालो.

"दगडूभाऊ, उकळून हे जहर मरत नाय. मी कोकणात फोन लावतो. निकाल यायचाय."

आन पिशवी उचलून चालते झाले! माझ्या घरातली पिशवी!

मी तणतणत मागं गेलो. ते फोन लावत होते तवर त्यांच्या फ्रीजचं वरचं दार मीच उघडलं. पिशवी समोरच होती. तिच्या मागं एक डबा, बर्फात रुतलेला, वर चिठ्ठी. अक्षराला अक्षर जुळवून वाचली: 'शीरखुर्मा. काढणारी: नसीम. निकाल यायचाय.'

मुनीरभाईंच्या नसीमभाभीला जाऊन चार वर्षं झाली.

मुनीरभाईंनी कानाचा फोन खाली घेतला.

"खाल्ला की संपतो, भाऊ," एवढंच म्हणाले.

मी पिशवी होती तिथंच राहू दिली. दार हळू लावलं.

"चला," म्हणालो, "पिठलं टाकायला सांगतो. काढणारी आमची सून."

आमच्याकडं बसून त्यांनी पहिला घास घेतला, ताट सरकवलं, ओठावर बोट ठेवलं.

मीबी माझं ताट सरकवलं आन ओठावर बोट ठेवून बसलो.