भिंतीत लोकर भरणारे कानडेकाका

आमच्या शेजारच्या कानडेकाकांची आतली खोली इतकी शांत आहे, की तिथे माशी उडाली तर आपल्याच पंखांचा आवाज ऐकून घाबरते आणि खाली बसते. मी तिथे एकदा डोळे मिटले, तर पापण्या आपटल्या. खोटं वाटत असेल तर राजेंद्र नगरात या आणि मिटून बघा.

लोकांना बाहेरचा गोंगाट आत नको असतो. काकांचं उलट. त्यांना आतला शब्द बाहेर जायला नको होता. त्यांच्या पत्नी शालिनीकाकू जन्मभर शाळेत शिकवायच्या. त्यांनी वर्गात 'चूप' म्हटलं की भंवरकुआं चौकातला ट्रॅफिक थांबायचा. पक्षाघातानंतर मात्र तोंडून भलतेच शब्द येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, चुकू दे, पण मोठ्यानं बोलत राहू दे, नाहीतर होती नव्हती ती वाचाही जाईल. पण असाच एक भलता शब्द ऐकून जिन्यात कुणीतरी खुदकन हसलं, ते भिंतीतून आत आलं, आणि काकूंनी तोंड मिटलं ते मिटलंच.

मग काकांनी कंबर कसली. दगड वितळवून त्याची लोकर करतात म्हणे. तिच्या जाड जाड लाद्या रिक्षातून आल्या. भिंतीपुढे पत्र्याची चौकट, तिच्यात लोकर, वरून जिप्समचा बोर्ड. पहिल्या खेपेला काकांनी गादीत कापूस भरावा तशी दुप्पट लोकर ठासली. आत त्यांनी आरती म्हटली, ती मला बाहेर टाळ्यांसकट ऐकू आली.

"ठासली की मेली," म्हणत त्यांनी आख्खी भिंत उघडली. "भिया, आवाज तिच्या पोकळीत जिरतो. हवा भी माल है."

मग जमिनीवर लोकर अंथरून वर नवी जमीन केली, तीही भिंतीपासून बोटभर दूर. "टेकली की चुगली करते," काका म्हणाले. त्या लोकरीच्या कुसळांनी सगळी बिल्डिंग खाजवत होती. वॉचमन तर सलामही दोन हप्त्यांत ठोकायचा, मध्ये मान खाजवून. मी मात्र मनातल्या मनात काकांना दंडवत घातला. ताजमहाल बांधणाऱ्याला निदान मजूर तरी होते.

परवा दुपारी काकांनी काकूंना आत नेलं. मी हुकमाप्रमाणे बाहेर भिंतीला कान लावून. काही नाही. बराच वेळ काहीच नाही. मग मी दुसरा कान लावला. भिंत जिंकली म्हणून शांतता, की काकू अजून गप्पच आहेत म्हणून? बाहेरून कळणार कसं?

दार उघडलं.

"काय ऐकलंस?"

"काहीच नाही, काका."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

काका उंबऱ्यावरच बसले. "रागावली रे माझ्यावर. कढई म्हणाली मला. मग सोमवार म्हणाली." चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. "कान अजून वाजतोय बघ."

आतून काकूंनी हातानं बोलावलं. काका लगबगीनं उठले.

"जातो, भिया. पुष्कळ साठलंय तिचं."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.