सुखदेवभाऊंचं कानाचं मशीन

सुखदेवभाऊंना तुम्ही काहीही विचारा, ते गाडीची वेळ सांगायचे. तब्येत कशी आहे म्हटलं, तर "चारची गेली, आता पाचची भेटंन तुमाले." जेवलात का म्हटलं, तर "डायरेक्ट नाई, मूलच्या स्टँडवर उतरा." एसटीत कंडक्टरकी करण्यात जन्म गेला. त्यामुळे लोक आपल्याला गाडीबद्दलच विचारणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सिंदेवाहीच्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला, की काही दिवस बुचकळ्यात असायचा. मग त्याला कळायचं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. वेळा मात्र बरोबर असायच्या.

हे बहिरेपण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, मान्य नव्हतं ते एकट्या भाऊंना. "माहे कान बराबर हायेत. लोकंच तोंडातल्या तोंडात बोलून राह्यले," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयामुळे कान थकले आहेत. मशीन लावा, रोज लावा, हळूहळू सवय होईल. मुलानं मशीन आणून दिलं. भाऊंनी ते डबीसकट कपाटात ठेवून कुलूप घातलं. माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या ओट्यासमोरच आहे. तिथे येऊन मला सांगितलं, की डॉक्टरही तोंडातल्या तोंडातच बोलतो.

मग विहारातली गंमत झाली. रविवारी सकाळी ध्यानाला या, असा निरोप त्यांना मिळाला. रविवारी आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो आणि भाऊ सायकलवर अर्धं पोतं धान घेऊन दारात हजर. "कुठी ठेवू?" हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं विचारलं, की भंतेजींसकट सगळ्यांचे डोळे उघडले. कोणीतरी त्यांच्या कानाशी जाऊन ध्यान, ध्यान म्हणून ओरडलं. भाऊ डगमगले नाहीत. "मंग दानच तं हाये," म्हणाले, पोतं कोपऱ्यात टेकवलं आणि ऐटीत मांडी घालून बसले.

हाल होत होते ते कमलबाईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे. बाईंचा आवाज मुळातच बारीक. तरी बिचाऱ्या आंघोळीचं पाणी काढलं इथपासून वरणात मीठ जास्त झालं इथपर्यंत सगळं ओरडून सांगायच्या. आणि एके दिवशी हे ओरडणं बंद झालं. चहाला अंगठ्याची खूण, जेवणाला बोटांची. भाऊंचा जीव टांगणीला लागला. दुपारी दुकानात येऊन म्हणाले, "बुडी बोलत नाई माह्याशी. काऊन रागावली, विचारून सांगा न."

मी गेलो. कमलबाई लाखोळीची डाळ निवडत होत्या. माझं ऐकून आधी हसल्या, मग त्यांचा हात थांबला.

"राग कायचा जी," त्या म्हणाल्या. "कामाचं असलं तं ओरडून सांगता येते. मनातलं कसं ओरडून सांगू? भांडल्यावानी वाटते. मंग राहूनच जाते."

आता हे भाऊंना सांगायचं कसं? मीही ओरडलो असतो, तर बाईंच्या मनातलं सगळ्या गल्लीला कळलं असतं. मी भाऊंना उजेडात, माझ्यासमोर बसवलं, दुकानातला रेडिओ बंद केला आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना समजलं. उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मशीन कानात होतं. पुढचे काही आठवडे भाऊंनी जे सोसलं ते मी बघितलं आहे. कुकरची शिटी झाली की डोकं धरून बसायचे. चिवडा खाताना स्वतःच्याच दातांचा आवाज सहन होत नाही म्हणून चिवडा सोडला, पण मशीन काढलं नाही. "ड्युटी हाये," म्हणायचे. कमलबाईही हट्टाला पेटल्या. आधी टीव्ही बंद करायचा, समोर येऊन बसायचं, हाताला हात लावायचा आणि मगच तोंड उघडायचं. तरी शब्द चुकायचे, दोघंही चिडायची आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या.

परवा मी भाऊंना छेडलं. एवढी जिद्द अंगात होती, तर मशीन इतके दिवस कपाटात कशाला कोंडलं होतं? मी पुन्हा एकदा सावकाश विचारलं. भाऊ कानामागे बोटानं चाचपत राहिले.

"भेव वाटे जी," ते म्हणाले. "मशीन लावूनबी तिचा आवाज नाई आला, तं मंग काय करतो? कपाटात होतं तवरी आस होती."

माझे डोळे भरून आले. मी सुईत दोरा ओवायचं सोंग केलं आणि विचारलं, आता येतो का आवाज?

"पत्र्याच्या डब्यातून बोलल्यावानी येते," भाऊ म्हणाले. "वळखाले वेळ लागला. पण तिचाच हाये."

दुपारी ती निवांत बोलते, एवढं सांगून ते उठले आणि घाईघाईनं ओट्याकडे निघाले.