बडेबाबूंची पाच अंडी

मंगळवार होता. पुलगावात मंगळवारी काही विशेष घडत नाही (बुधवारीही नाही). मी दाढीला साबण लावून खिडकीत आरसा टेकवत होतो, तेवढ्यात शेजारच्या धुरपताबाई भिंतीवरून डोकावल्या आणि दूधवाला आल्याचं सांगावं तशा म्हणाल्या,

"भाऊजी, तुमच्या बडेबाबूनं अंडे देल्ले."

बडेबाबू हे आमचं कासव. अकरा वर्षांपूर्वी, अडुसष्ट साली, माझा मेहुणा चंद्रभान याने ते आणून दिलं. कारंजाला हायवेवर त्याचा ढाबा आहे. दक्षिणेकडच्या कुणा ट्रक ड्रायव्हरने ते त्याच्याकडे सोडलं होतं. पाठीवर पिवळ्या चांदण्या, चाल संथ, चेहरा गंभीर, आणि समोर काही काम ठेवलं की मान आत. आमच्या ऑफिसातले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, हुबेहूब असेच. त्यामुळे मी पाहताक्षणी ठरवलं, की हा नर आहे आणि याचं नाव बडेबाबू. माझी पत्नी सुलोचना म्हणाली, ही मादी आहे. कशावरून, असं विचारलं तर म्हणाली, "दिसते न." एवढ्या पुराव्यावर सरकारी नोकर निर्णय बदलत नाही. ती तिला भागीरथा म्हणत राहिली, मी बडेबाबू. कासव दोन्ही हाकांना सारखंच येत नसे.

सुलोचना जाऊन त्या मंगळवारी सात महिने झाले होते. सेवाग्रामच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने माझ्या जेवणाची चौकशी एकदा केली आणि कासवाची रोज. "भागीरथेचे पिल्लं पाहाचे होते," असं एकदा म्हणाली. मी तेव्हाही म्हणालो, की नराला पिल्लं कशी होतील. हे मी म्हणायला नको होतं. आता अंगणात पाच अंडी होती, आणि त्यातून एक तरी पिल्लू निघालं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिला संशय अर्थात धुरपताबाईंच्या कोंबड्यांवर आला. पण अंडी लहान, गोलसर आणि खड्ड्यात पुरलेली होती, आणि शेजारी मागचे पाय मातीने भरलेले बडेबाबू उभे होते. संशयाला जागा उरली नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं.

मी रॉकेलचा रिकामा डबा आडवा कापला, धुवून वाळवला, नदीवरची वाळू चाळून त्यात भरली आणि डबा स्वयंपाकघरात उन्हाच्या कोपऱ्यात ठेवला. अंड्यांवर पेन्सिलने एक ते पाच नंबर टाकले, खाली बारीक सही केली (सही नसलेल्या वस्तूवर माझा विश्वास बसत नाही). कोंबडी अंडी रोज उलटते हे मला ठाऊक होतं. कासव काहीच उलटत नव्हतं, हेही डोळ्यांसमोर होतं. पण बडेबाबूंना कामाचा आळस, असं मी धरून चाललो. रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी मी पाचही अंडी उलटत असे. विषम तारखेला नंबर वर, सम तारखेला खाली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर विषम तारीख असून नंबर खाली. मी ते वर केले. दुसऱ्या दिवशी खाली ठेवून गेलो, तर आल्यावर पाचही नंबर माझ्याकडे पाहत होते.

बावीस वर्षांचा अनुभव सांगतो, की फाइल आपोआप जागा बदलत नाही. कोणाला तरी ती हवी असते. आमच्याकडे नळ दुपारी येतो, म्हणून घराची चावी धुरपताबाईंकडे असे. त्यांच्या घरी कोंबड्या. त्यांचे यजमान कवडूभाऊ यांचे गुडघे दुखतात, आणि गुडघ्यांवर कोण काय खायला सांगेल याचा नेम नाही. अंडी बदलली असतील म्हणून मी सह्या तपासल्या. सह्या माझ्याच होत्या. पण माझी सही ऑफिसात तिघांना येते. शेवटी अंड्यांभोवती दोरा गुंडाळून घेर मोजला आणि दोरा खिशात ठेवला. उघड विचारण्याची सोय नव्हती. माझी संध्याकाळची भाजी त्याच घरून येत असे.

दोन आठवडे हे चाललं. मग मी पोटदुखीची रजा टाकली, धुरपताबाईंना चावी देऊन वर्ध्याला जातो म्हणून सांगितलं, स्टेशनपर्यंत जाऊन परतलो आणि मागच्या भिंतीवरून आमच्याच अंगणात उडी मारली (उडी हा शब्द मोठा आहे; पडलो). मागची कडी मी सकाळीच काढून ठेवली होती. स्वयंपाकघरालगतच्या न्हाणीत शिरलो, बादली पालथी घालून बसलो आणि दाराच्या फटीला डोळा लावला. थोड्या वेळाने बडेबाबू आत आले आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला गाजर समजून चावू लागले. मी आवाज केला नाही. पुराव्यासाठी माणसाला सोसावं लागतं.

कुलूप वाजलं. धुरपताबाई आल्या, पाणी भरलं, हात धुतले, पदराला पुसले. मग डब्यापाशी बसल्या आणि एकेक अंडं अलगद उलटू लागल्या.

मी दार उघडून बाहेर आलो. त्यांनी अंडं खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वर्धेहून लवकर आले, भाऊजी?"

"तुम्ही हे काऊन करून राह्यल्या?" मी विचारलं. रागात मीही त्यांच्यासारखाच बोलतो.

"कोंबडी रोज फिरवते न. सुलोचनाबाई मले सांगून गेल्या होत्या, भागीरथेकडं लक्ष ठेवजो, तुमच्याच्यानं होत नाई म्हणून."

मी म्हणालो, की सकाळी मीच फिरवतो, आणि तुम्ही बिघडवता म्हणून संध्याकाळी पुन्हा फिरवतो. त्या म्हणाल्या, "मी तं रोज मोजतही होती."

"काय?"

"अंडे. एकटा माणूस, सैपाकाचा कंटाळा. म्हटलं एखाद दिवशी आमलेट कराल."

म्हणजे मी त्यांच्यावर पाळत ठेवून होतो आणि त्या माझ्यावर. उलटण्याचं काम पुढे वाटून घेतलं. सकाळ माझी, दुपार त्यांची.

एकशे वीस दिवस झाले तरी डब्यात काही हललं नाही. तेव्हा शाळेत जीवशास्त्र शिकवणारे वासुदेवराव यांना बोलावलं. ते म्हणाले, कासवाची अंडी मुळीच उलटायची नसतात. उलटली की आतला जीव मरतो. "कोणी उलटली का?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनीही बडेबाबूंकडे पाहिलं.

माझ्या हातून सुलोचनाचं एवढंही झालं नाही, असं मनात आलं. पण वासुदेवरावांनी एकेक अंडं बॅटरीवर धरलं आणि म्हणाले, यांत जीव धरलाच नव्हता. नर कुठे आहे?

"हाच," मी म्हणालो. "म्हणजे, होता."

त्यांनी बडेबाबूंना उचलून पोट दाखवलं. सपाट पोट, आखूड शेपटी. मादी. अंडी नर नसतानाही घालते, म्हणाले. "किती वर्षं एकटी आहे?"

"अकरा."

"मग उलटली काय अन् न उलटली काय."

चंद्रभानने दोनदा निरोप पाठवला होता, की आणखी एक कासव आलं आहे. सुलोचना दोन्ही वेळा म्हणाली, आणू या, तिला सोबत होईल. दोन नर एका अंगणात भांडतात, असं सांगून मी दोन्ही वेळा नाही म्हणालो.

अंडी भेंडीच्या वाफ्यात पुरली. धुरपताबाई भिंतीवरून म्हणाल्या, "आता तरी सुलोचनाबाईच्या भावाले लिहा. अन् नर कोणता, हे त्यायलेच पाहू द्या."

त्याच दिवशी पोस्टकार्ड आणलं. पण दुसरं कासव मागायचं, तर आधी हे लिहावं लागतं, की बडेबाबू ही बाई आहे आणि तुझी बहीण अकरा वर्षं तेच सांगत होती. 'चि. चंद्रभान यास अनेक आशीर्वाद' एवढं लिहून झालं आहे. भेंडी दोनदा येऊन गेली. पुढचं लिहायचं राहिलं आहे.