दोन पिनांचे बस्त्यावकाका

रिकाम्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी रोज पाहते. आमच्या पतपेढीत मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली आहे. तिथे चेक छापायचा प्रिंटर आहे, एक स्टूल आहे आणि भिंतीवर पंखा आहे. आणखी काही ठेवायचं म्हटलं तर माणसाला बाहेर उभं राहावं लागेल. खोलीला कुलूप आणि कुलपाची किल्ली बस्त्यावकाकांच्या खिशात. काका कुलूप काढतात, ते कडीला अडकवतात आणि मग बंद दारावर बोटाच्या पेराने टकटक करतात. जरा थांबतात. मगच आत जातात.

"काका, आत कोण असणार? किल्ली तर तुमच्याकडेच आहे," असं मी नवीन असताना विचारलं होतं.

"तरी पण. न विचारता आत शिरू नये, बाय," ते गंभीरपणे म्हणाले. मी गोखिवऱ्याहून रोज येणारी, माहेर कोकणातलं, त्यामुळे विक्षिप्त माणसं मला नवी नाहीत. पण प्रिंटरची परवानगी मागणारा माणूस आमच्या गावातही नव्हता.

बस्त्याव डिमेलो जवळच्या वटार गावचे. पतपेढीत सगळी नोकरी रोखपाल म्हणून केली, निवृत्त झाले, हार-श्रीफळ घेऊन घरी गेले आणि काही दिवसांनी हळूच परत येऊन बसले. कोणी बोलावलं होतं की स्वतःच आले होते, हे आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. दुसरं कशाला म्हणून विचारलं तर म्हणतात, "पहिल्याला सोबत."

आता मोबाइलवर पैसे जातात, मग चेक हवेत कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी होळी नावाच्या इथल्या बाजारातल्या आमच्या भाजीवाल्या सभासदांना एकदा भेटावं. मोबाइलवर 'जमा' असा मेसेज आला की त्यांना तो हमखास फसवणुकीचा वाटतो. चेक मात्र ते दोन्ही हातांनी घेतात, उजेडात धरतात, आपलं नाव वाचतात आणि पदराखाली किंवा शर्टाच्या आत ठेवून घरी नेतात. पूर्वी हे चेक हाताने लिहायचे. मग कुणीतरी एका चेकवर खाडाखोड केली, कमिटीची बैठक झाली, चहा-बिस्किटं झाली आणि सुरक्षित प्रिंटर घ्यायचं ठरलं. कोऱ्या चेकचा ट्रे कुलपात राहणार आणि पिन टाकल्याशिवाय यंत्र ढिम्म हलणार नाही, अशी त्याची ख्याती होती. सांभाळायला अर्थातच काका.

तो प्रिंटर बसवला त्या दिवशीची मजा मी जन्मात विसरणार नाही. आमचे मॅनेजर सावेसाहेब यांनी उंबऱ्यावर नारळ वाढवला. तेवढ्यात काका देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, आणलेलं पवित्र पाणी घेऊन पुढे झाले आणि प्रिंटरवर शिंपडणार, तोच कंपनीचा इंजिनीअर ओरडला, "अंकल, पानी मत डालो! वॉरंटी जाएगी!" शेवटी ते पाणी इंजिनीअरच्या डोक्यावर शिंपडून काकांनी समाधान मानलं. मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून दोघे बराच वेळ आत बसले. बाहेर आले तेव्हा काकांनी जाहीर केलं, "दोन पिन लागतात. एक माझा, एक दुसऱ्याचा. दोघं समोर उभे पाहिजेत. हे एकट्याचं काम नाही."

हे त्यांचं लाडकं वाक्य. पाण्याची बाटली कूलरवर चढवणं एकट्याचं काम नाही, हे ठीक आहे. पण पाकिटाला डिंक लावणं? समोरच्या दुकानातून स्टेपलरच्या पिना आणणं? काका कुठल्याही कामाला निघाले की कोणाला तरी बरोबर ओढणार. साधा कॅलेंडरचा कागद उलटायचा असला तरी म्हणणार, "बाय, जरा खालून धरतेस का? एकट्याचं काम नाही." त्यांना येताना पाहिलं की ऑफिसातल्या सगळ्यांना एकदम फोन यायला लागायचे. मला नाटक जमत नाही, म्हणून दुसरा पिन माझ्या गळ्यात पडला.

रोज दुपारी जेवणं झाली की आमचा छपाईचा सोहळा सुरू व्हायचा. टकटक करून आत जायचं. काका एका हाताने आडोसा करून आपला पिन टाकायचे. खोलीत आम्ही दोघंच, आणि मी नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभी, तरी आडोसा चुकायचा नाही. मग मी माझा पिन टाकायचा आणि त्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. प्रिंटर जागा होऊन घुरघुरायला लागला की काका त्याच्याशी आपल्या घरच्या बोलीत काहीतरी बोलायचे. आमच्याशी त्यांचं मराठी अगदी शाळेतलं, पण प्रिंटरशी मात्र वटारची बोली. त्यातलं मला एक अक्षर कळायचं नाही. सूर मात्र ओळखीचा होता. माझी आई स्टोव्ह पेटत नसला की त्याच्याशी असंच बोलायची.

चेक बाहेर आला की चर्चमधल्या प्रार्थनेत, मिस्सात, फादरांनी म्हणावं आणि लोकांनी उत्तर द्यावं, तसा आमचा पाठ चालायचा.

"नाव?"

"बरोबर."

"अक्षरी?"

"बरोबर."

"आकडी?"

"बरोबर."

एवढं झाल्यावर तरी निघावं की नाही? छे! "यंत्र जरा निवू दे," म्हणून काका स्टुलावर बसायचे. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे, डब्यात आज काय होतं, मुलगा अजून वांगं खात नाही का, अशी चौकशी सुरू. यंत्र निवायला किती वेळ लागतो, हे माझ्या डब्यात काय होतं यावर अवलंबून असायचं. कोलंबी असली तर फार वेळ. मी मनातल्या मनात वैतागायचे. बाहेर काम पडलेलं असायचं आणि आत मी भरल्या वांग्याची कृती सांगत असायचे.

परवाच्या थंडीत काका एकदम आले नाहीत. ताप होता. त्यांचा पिन नाही म्हणजे चेक नाही. दुपारपर्यंत बाकड्यावर सभासदांची रांग लागली आणि सावेसाहेबांचा पारा चढला. त्यांनी काकांना फोन लावला. स्पीकरवर काकांचा बसलेला आवाज आला, "साहेब, पिन फोनवर सांगत नाहीत."

"मग काय करू मी? लोक बसलेत इथे!"

"पिन सांगायचा नसतो, साहेब. न्यायचा असतो. मला न्यायला कोणाला तरी पाठवा."

साहेबांनी फोन आपटला आणि इंजिनीअरला बोलावलं. तो गोखिवऱ्याला कुठल्याशा कारखान्यात आलेलाच होता. त्याने येऊन कुलूपबंद दाराकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "सर, दोन पिन कंपल्सरी नाहीयेत. एका पिनवर आरामात चालतं. तुमच्या त्या अंकलनीच लावताना हट्ट केला, दोनच ठेव म्हणून. मी बोललो पण, अंकल, रोज दुसरा माणूस कशाला शोधणार?"

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून मी उभी राहत होते ती कंपनीच्या नियमाने नव्हे, काकांच्या मर्जीने, हे काही पचेना.

"काढून टाका तो दुसरा पिन," साहेब म्हणाले. पण ते करायलाही आधी दोन्ही पिन टाकावे लागणार होते. म्हणून मी रिक्षा करून वटारला निघाले, आणि वाटेत काकांना काय काय सुनावायचं याची जुळवाजुळव केली.

काका वाडीत होते. तापात फणफणत केळींचा पाण्याचा पंप बंद करायला गेले होते. डोक्याला मफलर, हातात सोनचाफ्याची फुलं. मला पाहून इतके खूश झाले की माझी जुळवाजुळव तिथेच विस्कटली. आम्ही घराशी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. काकांनी पेराने टकटक केली, जरा थांबले आणि मग दार ढकललं.

"इथे पण, काका?"

ते थोडे ओशाळले. आत खिडकीशी शिवणयंत्र होतं, दाराकडे पाठ करून बसावं लागेल असं ठेवलेलं. त्यावर स्वच्छ फडकं घातलेलं होतं.

"आमची रोझी इथे बसायची," काका म्हणाले. "चर्चमध्ये पोरींच्या पहिल्या कम्युनियनचा विधी असतो ना, त्याचे पांढरे फ्रॉक शिवायची. एकदा मी अचानक आत आलो, ती दचकली आणि सुई बोटात गेली. तेव्हापासून मी दार वाजवतो. ती आतून 'या' म्हणायची, आमच्या बोलीत. मग मी आत यायचो." त्यांनी फुलं यंत्रावर ठेवली. "ती गेली, पण हात आपोआप वर जातो."

यंत्रावरून घरंगळलेलं एक फूल मी उचलून परत ठेवलं. मग त्यांनीच विचारलं, "त्या इंजिनीअरने सांगितलं ना?"

"हो."

"एक पिन ठेवला असता तर त्या खोलीत कोण आलं असतं, बाय? मी एकट्याने चेक छापले असते आणि संध्याकाळी घरी आलो असतो. मुलगा न्यूझीलंडला. इथे दिवसभर बोलायला कोणी नाही. आमची बोली तर मी आता त्या यंत्राशीच बोलतो, ते निदान घुरघुरतं तरी." मग मफलर घट्ट करत ते उठले. "पण माझ्यापायी लोकांचं काम अडलं, हे वाईट झालं. चल. मी स्वतः काढून टाकतो."

मी कितीदा राहू द्या म्हटलं. ऐकलं नाही. रिक्षात ते सबंध रस्ता गप्प होते. काका गप्प बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

ऑफिसात सगळे त्या चिंचोळ्या खोलीच्या दाराशी जमले. काकांनी आडोसा करून आपला पिन टाकला आणि नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. आता माझी पाळी. मफलर गुंडाळलेली त्यांची मान दिसत होती आणि माझा हात काही पुढे होईना.

"साहेब," मी वळून म्हटलं, "एकच पिन ठेवला आणि उद्या काही घोटाळा झाला, तर कमिटीपुढे जबाबदारी कोणाची?"

जबाबदारी या शब्दाने सावेसाहेबांचा घसा कोरडा पडतो, हे साऱ्या पतपेढीला ठाऊक आहे. ते इंजिनीअरकडे बघायला लागले. इंजिनीअरने डोकं खाजवलं. "तसं असेल तर तीन पिन बनवतो ना सर. तिसरा तुमच्याकडे. कोई भी दो चलेंगे. एक माणूस नसला तरी काम अडणार नाही."

"हेच म्हणत होतो मी," साहेब म्हणाले. ते काहीच म्हणत नव्हते.

त्या दिवशीचे चेक छापून झाले. काका बरे होईपर्यंत घरी राहतील असं ठरलं आणि जाताना त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. ते नव्हते तेवढे दिवस मी आणि साहेबांनी चेक छापले. साहेब वांग्याची कृती विचारत नाहीत. काम झटपट व्हायचं आणि मला दुपार खायला उठायची.

मग एक दिवस काका परत आले. मी दुपारी आधीच आत जाऊन प्रिंटर चालू करत होते, दार लोटलेलं होतं. बाहेर ओळखीची पावलं थांबली आणि टकटक झाली. रोझीकाकूंच्या बोलीतलं उत्तर मला येत नव्हतं. म्हणून मी आपल्या साध्या मराठीत म्हटलं,

"या."

दार उघडलं नाही. बाहेर काहीच हालचाल नव्हती. प्रिंटर तेवढा घुरघुरत होता. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल, म्हणून मी दाराकडे निघणार होते.

तेवढ्यात पुन्हा एकदा, अगदी हलक्या हाताने, टकटक झाली.

"या काका," मी म्हटलं. "मी आहे आत."